पाण्याखालचे नाना

हसनाबादला समुद्र नाही, हे साऱ्या भोकरदन तालुक्याला माहीत आहे. नानांनाही माहीत आहे, पण त्यांच्या लेखी समुद्र ही वरवरची गोष्ट. लाटा, मावळता सूर्य, वाऱ्यानं फुगलेलं पांढरं शीड, हे सगळं कॅलेंडरवाल्यांनी बघावं. नानांचा संबंध त्याच्या खालच्या चार-सहा फुटांशी. शिडाच्या बोटीचा जो भाग पाण्यात असतो, मालकाला दिसत नाही, पाहुण्यांना दिसत नाही आणि फोटोत तर येतच नाही, तो भाग त्यांनी तीसेक वर्षं खरवडला, घासला, रंगवला. मग निवृत्त होऊन ते गावी आले आणि गावाचं बूड बघायला लागले.

हा एक स्वतंत्र मनुष्यप्रकार आहे. लग्नाला गेला तर नवरा-नवरीकडे न बघता मांडवाचा खांब किती फूट पुरलाय ते विचारणारा. नवा ट्रॅक्टर दारात आला, बायका ओवाळायला निघाल्या, की आधी त्याच्याखाली आडवा होणारा. अशा माणसाला कुणी आग्रहानं बोलावत नाही, पण टाळूनही चालत नाही. कारण सहा महिन्यांनी तो म्हणाला होता तिथूनच गळती लागते.

नाना मुंबईला गेले ते १९७२ च्या दुष्काळात. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि आभाळाकडे बघायचं, याला कंटाळून त्यांनी ठरवलं, आता जिथं पाणी आहे तिथं जायचं. ते थेट समुद्रापर्यंत पोचले. ते पाणी पिता येत नाही हे समजेपर्यंत गोदीतल्या एका मुकादमानं त्यांच्या हातात खरवडणी दिली होती. आणि कामाची जागा कोणती, तर कोरडी गोदी. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसून टाकायचं आणि उघड्या पडलेल्या बुडाखाली माणसं सोडायची. मराठवाड्याच्या पोराला समुद्र मिळाला तोही आधी कोरडा करून. नाना म्हणतात, "तिथं मला परकं वाटलंच नाही."

गोदीचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे आणि कीर्तनकार ओवी लावतो तसा ते तो कुठंही लावतात. लवजी नसरवानजी वाडियांनी मुंबईत पहिली कोरडी गोदी बांधली १७५० साली. त्याच वाडिया घराण्यानं १८१७ साली मुंबईत मलबारी सागाचं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज बांधलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. "दोनशे वर्षं!" नाना बोट वर करतात. "आणि तुमचा स्लॅब गळायला पाच वर्षं नाही लागली." हे वाक्य ज्याला उद्देशून असतं तो बहुधा ठेकेदार असतो आणि बहुधा समोरच बसलेला असतो.

गोदीतून ते पुढं शिडांच्या खासगी बोटींकडे वळले. मुंबईच्या बंदरात, गेटवेसमोर, हौशी श्रीमंतांच्या बोटी नांगरलेल्या असतात. ऑक्टोबर ते मे शिडं फिरवायची, पावसाळ्यात बोट काठावर काढून ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता. कोकणातल्या मच्छीमारांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढतात, बुडं घासतात, तेलपाणी करतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून पुन्हा दर्याला लागतात. लोकांना नारळ दिसतो. आधीचे दोन महिने नानांसारख्यांना दिसतात.

त्यांचं शास्त्र थोडक्यात असं. बोट पाण्यात उतरली की काही तासांत तिच्या बुडावर बुळबुळीत थर धरतो. त्यावर शेवाळ येतं, शेवाळापाठोपाठ बार्नेकल येतात. शिंपल्यासारखा दिसणारा हा प्राणी खरा कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला. लहानपणी मोकळा पोहत असतो. एकदा जागा पसंत पडली की डोकं टेकवतो, स्वतःच्या अंगातल्या सिमेंटनं ते चिकटवून घेतो, भोवती चुनखडीचं घर बांधतो आणि उरलेला जन्म उलटा पडून पायांनी तोंडात अन्न ढकलत काढतो. "काम नाही, धंदा नाही, हलायचं नाही, फुकट प्रवास आणि पायानं जेवण," असं सांगून नाना पारावर बसलेल्या मंडळींकडे एकवार नजर फिरवतात. मंडळींपैकी कुणी हलत नाही.

हे सगळं बुडाला चिकटलं की बोट पाण्याला घासत चालते आणि तिचा वेग पडतो. इथं नानांचा आवाज चढतो. "इंजिनाच्या बोटीचं काय, बूड घाण झालं तर डिझेल जास्त घाल. शिडाच्या बोटीला वारा कुठून जास्त आणशील?" पुरावा म्हणून ते फिनलंडच्या टापिओ लेहतिनेनची गोष्ट सांगतात. २०१८ साली निघालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हा गडी शिडाच्या बोटीनं एकटाच जगाला फेरा घालायला निघाला. पहिला आलेला फ्रेंच माणूस २१२ दिवसांत परतला. हा पोचला ३२२ दिवसांनी, कारण बुडाला बार्नेकलांचं अख्खं गाव वसलं होतं. आपला अभिलाष टॉमीही त्याच शर्यतीत होता, दक्षिणेकडच्या हिंदी महासागरात वादळात सापडून पाठीनं कायमचा जायचा, तो वाचला आणि पुढच्या, २०२२ च्या शर्यतीत दुसरा आला. ते सगळं नाना दोन वाक्यांत उरकतात. हिमतीच्या गोष्टीत त्यांना फार रस नाही. लेहतिनेनचं बूड मात्र ते अर्धा तास वर्णन करतात.

तेव्हापासून गावात कशालाही उशीर झाला की त्यांचं निदान ठरलेलं. जालन्याची एसटी आली नाही? "बुडाला धरलंय." तलाठ्याकडं फेरफार अडकलाय? "बुडाला धरलंय, खरवडल्याशिवाय हलणार नाही." या दुसऱ्या बाबतीत गावाचं एकमत आहे.

नानांचं घर ओळखायला पत्ता लागत नाही. जमिनीपासून अडीच फूट तांबडं, त्यावर चार बोटांची काळी पट्टी, वर पांढरं. बोटीची पाणरेषा. तो तांबडा रंग साधा नव्हे, बुडाचा खास रंग. त्यात तांब्याचा ऑक्साइड असतो आणि तो हळूहळू विरघळत राहतो, म्हणून जीवजंतूंना तिथं बिऱ्हाड करायला आवडत नाही. आधीच्या काळी यात कथिलाचं एक भयंकर विष मिसळायचे. त्यानं बंदरातल्या शिंपल्या आणि गोगलगायी नासायला लागल्या, तेव्हा जगभराच्या करारानं २००८ पासून ते बंद झालं. जुना रंग कोरडा घासायचा नाही, पाणी मारत घासायचा, म्हणजे विषारी धूळ उडत नाही. हे नाना अगदी बारकाईनं शिकवतात, शिकायला कुणी नसलं तरी. घराला हा रंग कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "वाळवी." आणि खरंच त्यांच्या चौकटीला वाळवी नाही. शेजारच्यांच्या आहे. त्यांनी यावरही नानांनाच दोष दिला. म्हणे, तिकडची इकडं आली.

घरातल्या प्रत्येक नळाशेजारी सुतळीनं एकेक लाकडी बूच टांगलेलं असतं. बोटीच्या बुडाला पाणी आत-बाहेर करायला भोकं असतात, त्यांना झडपा असतात, आणि झडप दगा देते ती अंधारात, भर समुद्रात. म्हणून त्या मापाचं बूच तिथंच बांधून ठेवायचं, शोधाशोध नको. हसनाबादच्या नळाला पाणी येतं तेव्हा ते थांबवायचं कुणाच्या मनातही येत नाही. बुचं आपली लोंबत असतात. एक मात्र कामी आलं, नातवानं ते बॅटिंगच्या वेळी स्टंप म्हणून नेलं.

आणि जस्त. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक दुसऱ्याला खातो. इंग्रजांनी १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला, किडा लागू नये म्हणून. किडा लागला नाही, पण तांब्यानं लोखंडी खिळे खाऊन टाकले. जिथं पत्र्याखाली पुड्याचा कागद चुकून राहिला होता तेवढेच खिळे शाबूत. यावर पुढं उपाय निघाला तो जस्ताचा. पंख्याजवळ, सुकाण्याजवळ जस्ताचे तुकडे बसवायचे. ते आधी झिजतात, त्यांच्या जिवावर बाकीचं वाचतं. अर्धा झिजला की तुकडा बदलायचा.

नानांनी हा सिद्धांत धाकट्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर, संसाराला लावला. "प्रत्येक घरात एक जस्ताचं माणूस लागतं," ते म्हणाले. "ते झिजतं म्हणून बाकीचे टिकतात." आणि मोठ्या कृतज्ञतेनं नानींकडे बघितलं. नानी पुरणाचं ताट घेऊन चालल्या होत्या. थांबल्या.

"अर्धा झिजला की काय करतेत म्हणालात?"

"बदलतात."

"मंग बदलून पाहा."

त्या दिवसापासून घरात जस्ताचा विषय नाही. विहिरीतल्या पंपाला मात्र एक तुकडा बांधलेला आहे, तो मुलगा काढत नाही, कारण पंप अजून चालतोय.

२०१३ चा उन्हाळा आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. जालना शहराला टँकर, खेड्यांना टँकर, मोसंबीच्या बागांना टँकर, आणि न जगलेल्या बागांना कुऱ्हाड. टँकर गावात शिरला की हंडे घेऊन माणसं वरच्या झाकणाकडे धावत. नाना एकटे खाली शिरत. एकदा ड्रायव्हरनं गाडी हलवायच्या आधी सहज वाकून बघितलं, तर टाकीखाली धोतराचे दोन पाय. तो ओरडला, लोक जमले, कुणी म्हणालं चक्कर आली, कुणी म्हणालं दारू. नाना आतून म्हणाले, "बॅटरी द्या कुणीतरी." मागच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंगची केसाएवढी चीर होती आणि तिथून धार लागलेली. तालुक्याहून गावात येईस्तोवर किती पाणी रस्त्याला पाजलं असेल, याचा हिशोब त्यांनी तिथंच आडवं पडल्या पडल्या मांडायला घेतला. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, मला पुढच्या गावाला जायचंय, निघा ना." नाना निघेनात. शेवटी साबणाची वडी मळून त्यांनी चीर बुजवली, वर सुतळी गुंडाळली आणि मगच बाहेर आले. ड्रायव्हरनं आभार मानले नाहीत. दुसऱ्या खेपेला मात्र त्यानं गाडी नानांच्या दारात थांबवली, स्वतःहून.

समुद्र लांब असला तरी आमचा परिसर दर्यावर्दी आहे, असा त्यांचा दावा आहे, आणि तो सरसकट हसण्यावारी नेता येत नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातलं व्यापारी गाव. तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो भाग सापडला, तो इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी इतका जुळतो की ती मूर्ती इकडचीच असावी असं काही अभ्यासक मानतात. पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. अभ्यासक मूर्तीच्या केशरचनेवर लिहितात. नाना विचारतात, "ती गेली कशानं? बोटीनं. बोट पोचली म्हणजे बूड कुणीतरी घासलं होतं. त्याच्यावर काय लिहिलंय?" यावर काहीही लिहिलेलं नाही, हे मला कबूल करावं लागतं.

अजिंठ्याचं तर त्यांना फार लागून राहिलंय. तिथल्या लेण्यात पाचव्या शतकातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. त्यावरून नौदलानं टाके घालून शिवलेलं जहाज करवून घेतलं. गोव्यात दिवाडी बेटावर केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवल्या, राळेनं फटी बंद केल्या, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ नौदलात दाखल झालं. आराखडा म्हणून हाताशी ते चित्रच, त्यामुळं आयआयटी मद्रासला पाण्यातल्या चाचण्या कराव्या लागल्या. ही बातमी वाचून नानांनी नातवाला मोटरसायकल काढायला लावली आणि अजिंठा गाठलं. चित्रासमोर ते बराच वेळ उभे होते. मार्गदर्शक डोळ्यांविषयी, नाळेवरच्या डोळ्यांविषयी, सांगत होता. परत आल्यावर गाव विचारायला लागलं, कसं होतं जहाज?

"अर्धंच काढलंय," नाना म्हणाले. "पाण्याखालचं सोडून दिलंय. चित्रकार वरचा होता."

आता त्यांच्या स्वतःच्या बोटीविषयी. एका मालकानं शेवटच्या हंगामाची मजुरी रोख न देता वस्तूत दिली: दोन माणसं जेमतेम बसतील अशी शिडाची लहान होडी, प्लायवूडची, मधोमध वर-खाली होणारी फळी असलेली. तिला शीड होतं, डोलकाठी होती, आणि जायला जागा नव्हती. मोसंबी घेऊन वाशीला गेलेला गावचा ट्रक रिकामा परतत होता, त्यात नानांनी ती घातली. सकाळी ती अंगणात उतरली तेव्हा शेजाऱ्यांची पहिली समजूत ही झाली की नानांनी मुंबईहून गव्हाण आणली. दुपारपर्यंत एका म्हशीचीही तीच समजूत झाली.

म्हणून त्यांनी ती उलटी करून विटांवर ठेवली. नानांच्या दृष्टीनं सुलटी. बूड आभाळाकडे, चारी बाजूंनी हात पोचतो, खाली आडवं पडायची गरज नाही. दर पावसाळ्यापूर्वी ते तिचा जुना रंग पाणी मारून घासतात, फटींत लांबी भरतात, प्रायमर, मग तांबड्या रंगाचे दोन हात. अशा होड्या वापरून झाल्या की काठावरच ठेवतात, त्यांना हा महागडा रंग लागतच नाही, हे नानांइतकं कुणाला ठाऊक नसेल. शिवाय गोड्या पाण्यात समुद्री बार्नेकल जगतच नाही; जुने खलाशी बुडाची घाण मारायला जहाज मुद्दाम नदीच्या मुखातून आत आणून उभं करायचे. पोरांनी विचारलं, मग गिरजा नदीत जहाज उभं केलं तर? नाना गंभीर झाले. म्हणाले, "कल्पना चांगली आहे. आणायचं कसं तेवढंच बघायला पाहिजे."

वर्षांमागून वर्षं ती होडी तशी होती. बकरी तिच्यावर चढून बसायची. गावातल्या एका पिढीला शिडाची बोट म्हणजे काय विचारलं तर ती तांबडी, कमानदार, आणि वर बकरी, असंच चित्र काढील.

मग २०२५ चा सप्टेंबर आला आणि मराठवाड्यावर पाऊस असा कोसळला की मोजायचं कुणी हे सुचेना. सोयाबीन पाण्यात सडलं, कापसाची बोंडं काळी पडली. नानांच्या मुलाचं शेततळं मात्र काठोकाठ भरलं. गावाला कशात तरी हसायचं होतं. पोरं म्हणाली, नाना, होडी टाकायची. मुलगा म्हणाला, नाही, तळ्यातली प्लास्टिकची पन्नी फाटेल, आणि तळ्याच्या काठाला कुणी जायचं नाही, त्या घसरड्या उतारावरून आत गेलेला माणूस वर येत नाही. हे खरं आहे, दर वर्षी पेपरात वाचतो आपण. तेव्हा चारी बाजूंनी दोर लावायचे ठरले, मधल्या फळीच्या कडा नानांनी घासून गोल केल्या, आणि नारळी पौर्णिमा उलटून गेली होती तरी नारळ फोडला. होडी दोरांनी अलगद पाण्यात सोडली. शीड चढलं.

"नाना, बसा," मुलगा म्हणाला. "तुमचा मान."

"मी नाही."

"कामून?"

"मला बोट लागते."

गाव थोडा वेळ गप्प झालं. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. नाना मुंबईत शिडाच्या बोटीत कधी बसलेच नव्हते; मालक फिरून यायचे तोवर ते धक्क्यावर डबा खायचे. शेवटी नातू कमरेला दोर आणि अंगात ट्यूब घालून बसला. वारा आला, शीड भरलं, होडी शेततळ्याच्या या काठाहून त्या काठाला गेली आणि दोर ताणून थांबली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, सोयाबीन गेलेली माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती.

नाना तेवढे कानकोंडे होऊन बसले. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेला होडीचा बघण्यासारखा भाग पाण्यात गेला होता. संध्याकाळी म्हणाले, "पाणी थोडं कमी करता येईल का? बघून घेतलं असतं एकदा." मुलगा म्हणाला, आत्ता कशाला पाणी, रानात पाय रुततोय, आंबिया बहाराचा ताण तोडायला जानेवारीत सोडीन, तवा बघा.

जानेवारीपर्यंत नानांनी कसे दिवस काढले ते नानी सांगतील. पाणी उतरलं, होडी एका कुशीवर कलली, आणि नाना दोराला धरून खाली गेले. वर आम्ही वाट बघत होतो. खालून बराच वेळ फक्त बोट घासल्याचा आवाज येत होता. मग त्यांची हाक आली, असा आनंद मी त्यांच्या आवाजात मुलीच्या लग्नातही ऐकला नव्हता.

"धरलंय! अरे, चांगलं बोटभर धरलंय! खरवडणी टाका खाली!"

"खरवडणी नका लावू, नाना," मुलगा वरून ओरडला, "पन्नी फाटंल!"

"मग लाकडाची टाक! आणि जेवायला वाट बघू नका म्हणावं!"

"कुणी बघत होतं?" नानी म्हणाल्या, आणि लाकडी उलथणं आणायला घराकडे वळल्या.